आधी कागद, मग पाना: अमेरिकेत एआर-१५ मनासारखी करून घेताना

न्यू जर्सीत एडिसनला राहणारा आणि टेक्सासात फ्रिस्कोला राहणारा, असे दोघे मित्र एकाच संकेतस्थळावरून रायफलचा एकच दस्ता मागवू शकतात. मागेपुढे सरकणारा, साठेक डॉलरचा. फ्रिस्कोत तो पाच मिनिटांत बसतो आणि विषय संपतो. एडिसनमध्ये पिस्तूल-ग्रिप (पिस्तुलासारखी उभी मूठ) असलेल्या रायफलला तोच दस्ता लावला, तर कायद्याच्या भाषेत ती ‘असॉल्ट फायरआर्म’ होते आणि तिचा ताबा हा दुसऱ्या श्रेणीचा गुन्हा ठरतो. शिक्षा पाच ते दहा वर्षं. विकणारा हे सांगत नाही, कारण दस्ता विकणं हा त्याच्याकडून गुन्हा नाही.

अमेरिकेत नेमबाजीला लागलेल्या मराठी माणसांची संख्या आता बऱ्यापैकी आहे. मंडळाच्या गणपतीत एखादा टेक्सासचा अनुभव न्यू जर्सीतल्याला सल्ला म्हणून देतो, आणि तिथून घोळ सुरू होतो. म्हणून एआर-१५, म्हणजे सुटे भाग बदलता येणारी अर्धस्वयंचलित रायफल, मनासारखी करून घेण्यावरच्या या लेखाचा क्रम मुद्दाम उलटा आहे. कोणता ट्रिगर चांगला, कोणती दुर्बीण चांगली हे शेवटी. आधी तुमचा व्हिसा, मग तुमचं राज्य, मग केंद्रीय कायदा आणि मग खर्च.

पहिली पायरी: तुमचा व्हिसा काय आहे?

अमेरिकी नागरिक असाल तर हा भाग वाचायला हरकत नाही, पण तो मुख्यतः इतरांसाठी आहे. १९६८ च्या गन कंट्रोल ॲक्टनुसार बिगर-स्थलांतरित व्हिसावर आलेल्या व्यक्तीला बंदूक किंवा गोळ्या बाळगता येत नाहीत. एच-१बी, एच-४, एल-१, एफ-१, बी-२ हे सगळे त्यात आले. पंधरा वर्षं टेक्सासात घर घेऊन राहणारा, कर भरणारा, पण ग्रीन कार्डच्या रांगेत अडकलेला एच-१बीवाला कायद्याच्या दृष्टीनं अजून ‘पाहुणा’च आहे. ग्रीन कार्ड हातात आलं की हा अडसर जातो.

याला अपवाद आहेत. त्यातला नेहमी उपयोगी पडणारा म्हणजे अमेरिकेतल्या एखाद्या राज्याचा चालू मुदतीचा शिकारीचा परवाना. तो असेल तर केंद्रीय मनाई लागू होत नाही, आणि दुकानात फॉर्म ४४७३ (बंदूक खरेदीचा केंद्रीय फॉर्म) भरताना त्याची प्रत दाखवावी लागते. पण या परवान्याची मुदत संपली की संरक्षणही संपतं, रायफल मात्र कपाटात तशीच राहते. शिवाय राज्याचे नियम याहून कडक असू शकतात. एच-१बीवर असताना एवढा खटाटोप करायचाच असेल, तर आधी इमिग्रेशन वकिलाची फी भरा. माझं मत विचाराल तर ग्रीन कार्डापर्यंत थांबावं.

इथेच एक गोष्ट बहुतेकांना माहीत नसते. पुण्याहून आई-बाबा बी-२ या पर्यटक व्हिसावर आले, त्यांना रेंजवर नेलं, बाबांच्या हातात रायफल दिली, फोटो काढला. बाबांच्या हातात ती असेपर्यंत तो त्यांचा ताबा आहे. व्हिसाशिवाय येणाऱ्या युरोपीय पर्यटकांना ही मनाई लागत नाही, पण भारतीय पाहुण्याला व्हिसा लागतोच. कमाल शिक्षा २०२२ च्या दुरुस्तीनंतर पंधरा वर्षं आहे. प्रत्यक्षात एका फोटोवरून खटला होईलच असं नाही, पण तो फोटो समाजमाध्यमावर टाकून पुरावा स्वतःच तयार करण्यात काय अर्थ आहे? त्याच न्यायानं घरात जोडीदार एच-४ वर असेल, तर तिजोरीची किल्ली आणि आकडा तुमच्याकडेच हवा.

ग्रीन कार्डधारकानं आणखी एक गोष्ट मनाशी पक्की करावी. बंदुकीसंबंधीच्या गुन्ह्यात दोषी ठरणं हे देशाबाहेर काढण्याचं स्वतंत्र कारण आहे. विना-नोंदणी आखूड नळीची रायफल बाळगणं तर इमिग्रेशन कायद्यात ‘ॲग्रव्हेटेड फेलनी’च्या (गंभीर गुन्ह्यांच्या) यादीत थेट नाव घेऊन येतं. नागरिकाला तीच चूक दंड आणि तुरुंगापर्यंत नेते. ग्रीन कार्डधारकाचं त्यात घर, नोकरी आणि मुलांची शाळाही जाते.

फॉर्म ४४७३ वर गांजाबद्दलचा प्रश्नही आहे. तुमच्या राज्यात तो दुकानात मिळत असला तरी केंद्रीय कायद्याला त्याचं सोयरसुतक नाही, आणि तसा इशारा फॉर्मवरच छापलेला आहे. खोटं उत्तर लिहिणं हा वेगळा गुन्हा.

दुसरी पायरी: राज्य

केंद्राची असॉल्ट वेपन बंदी १३ सप्टेंबर १९९४ ला आली आणि दहा वर्षांनी, २००४ मध्ये, मुदत संपून गेली. तेव्हापासून हा खेळ राज्यांचा आहे. कॅलिफोर्निया, न्यूयॉर्क, न्यू जर्सी, कनेटिकट, मॅसॅच्युसेट्स, मेरीलँड, डेलावेअर, इलिनॉय आणि वॉशिंग्टन या राज्यांत अशा रायफलींवर कुठल्या ना कुठल्या प्रकारची बंदी आहे. ऱ्होड आयलंडच्या कायद्याची तारीख १ जुलै २०२६. मराठी वस्तीच्या दृष्टीनं पाहिलं तर एडिसन, बे एरिया, शिकागोची उपनगरं, सिॲटल, बॉस्टन असं सगळं यात आलं. टेक्सास, जॉर्जिया, नॉर्थ कॅरोलिना, फ्लोरिडा इथले लोक सुखी आहेत.

बंदी बहुधा दोन प्रकारे लिहिलेली असते. एक, नावानिशी यादी. दोन, ‘खुणा’. डबी (गोळ्यांचं मॅगझिन) काढता येणारी अर्धस्वयंचलित रायफल असेल आणि तिच्यावर अमुक खुणा असतील तर ती बेकायदा. न्यू जर्सीत दोन खुणा झाल्या की रायफल बाद: पिस्तूल-ग्रिप, घडीचा किंवा सरकणारा दस्ता, बेयोनेटची खुंटी, ज्वाला लपवणारं टोक किंवा त्यासाठीचे आटे, वगैरे. न्यूयॉर्क आणि कॅलिफोर्नियात एकच पुरते. पण दोघांच्या याद्या सारख्या नाहीत, आणि खरी मेख तिथे आहे. नळीच्या टोकाला लावायचा, धक्का कमी करणारा मझल ब्रेक घ्या. कॅलिफोर्नियात तो रायफलीवर चालतो. न्यूयॉर्कच्या यादीत तो स्पष्ट लिहिलेला आहे, म्हणजे लावलात की संपलं. न्यू जर्सीत नुसते आटेसुद्धा मोजले जाऊ शकतात, म्हणून तिथले गनस्मिथ (बंदुकीचे कारागीर) ब्रेक खिळा मारून वेल्डिंगनं कायमचा बसवून देतात. भाग तोच, तीन राज्यांत तीन उत्तरं.

कॅलिफोर्नियातल्या लोकांनी यातून दोन वाटा काढल्या आहेत. ‘फीचरलेस’ म्हणजे पिस्तूल-ग्रिपच्या जागी अंगठा गुंडाळता येणार नाही असा पंख्यासारखा ग्रिप, पक्का दस्ता, ज्वाला लपवणारं टोक नाही. दिसायला विचित्र, पण डबी नेहमीसारखी निघते. दुसरी वाट पक्क्या डबीची: खुणा सगळ्या ठेवा, पण रायफल मधून उघडल्याशिवाय डबी निघणार नाही अशी सोय करा, आणि तिची क्षमता दहापेक्षा जास्त नको. मी पहिल्या वाटेच्या बाजूचा आहे. पक्क्या डबीत गोळी अडकली की ती सोडवताना होणारी कसरत रेंजवर पाहवत नाही.

डबीची क्षमताही बघा. कॅलिफोर्निया, न्यूयॉर्क, न्यू जर्सी यांसह बऱ्याच राज्यांत दहा, कोलोरॅडोत पंधरा. टेक्सासहून न्यू जर्सीला बदली झाली तर तीसच्या डब्या ट्रकमध्ये चढवू नका. विका, किंवा टेक्सासातल्याच कुणाला देऊन टाका.

खरेदीआधीचे परवानेही राज्यागणिक वेगळे. न्यू जर्सीत खरेदीदाराचं ओळखपत्र लागतं, इलिनॉयमध्ये फॉइड कार्ड (बंदूकमालकाचं ओळखपत्र), न्यूयॉर्कमध्ये सप्टेंबर २०२२ पासून अर्धस्वयंचलित रायफलसाठी स्वतंत्र परवाना आणि वय २१. या सगळ्यांवर न्यायालयांत खटले सुरू आहेत. मेरीलँडच्या बंदीवरचं प्रकरण जून २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ऐकायलाच घेतलं नाही. त्यामुळे ‘ही बंदी लवकरच उडणार आहे, घेऊन ठेव’ असं कुणी म्हणालं तर हसून सोडून द्या. निकाल लागेपर्यंत आजचाच कायदा लागू असतो.

तिसरी पायरी: केंद्रीय कायद्याच्या चार रेषा

एआर-१५ ची एक गंमत अशी की कायद्याच्या दृष्टीनं अख्खी रायफल म्हणजे तिचा खालचा सांगाडा, लोअर रिसीव्हर. अनुक्रमांक त्यावर असतो. तो परवानाधारक विक्रेत्याकडून घेताना पार्श्वभूमी तपासणी होते. केंद्रीय कायद्यानुसार त्याच्याकडून पूर्ण रायफल १८ व्या वर्षी घेता येते, नुसता लोअर मात्र २१ व्या. नळी, वरचा सांगाडा (अपर), ट्रिगर, दस्ता, हँडगार्ड (नळीभोवतीचं आवरण) हे केंद्राच्या लेखी सुटे भाग आहेत, टपालानं घरी येतात. म्हणूनच या रायफलीत फेरफार इतका सोपा आहे आणि म्हणूनच चुकणंही सोपं.

पहिली रेषा नळीची. दस्ता असलेल्या रायफलीची नळी १६ इंचांपेक्षा आखूड किंवा एकूण लांबी २६ इंचांपेक्षा कमी झाली की ती १९३४ च्या नॅशनल फायरआर्म्स ॲक्टखाली जाते. नळी कशी मोजतात? रायफल रिकामी आहे याची दोनदा खात्री करायची, बोल्ट बंद ठेवायचा, तोंडाकडून लाकडी काठी आत बोल्टला टेकेपर्यंत सरकवायची, खूण करून मोजायची. टोकाला लावलेला भाग लांबीत तेव्हाच धरतात जेव्हा तो कायमचा वेल्ड केलेला असतो. साडेचौदा इंची नळी आणि वेल्ड केलेलं टोक मिळून सोळाच्या थोडं वर, हा त्यामुळेच लोकप्रिय प्रकार आहे. अगदी काठावर मोजमाप ठेवू नका.

आखूड नळी हवीच असेल तर राज्यात मुभा आहे का ते पाहून फॉर्म १ (अशी रायफल बनवण्याच्या परवानगीचा केंद्रीय अर्ज) भरायचा, बोटांचे ठसे आणि फोटो द्यायचे आणि मंजुरी हातात आल्यावरच जोडणी करायची. पूर्वी या अर्जावर २०० डॉलर कर होता. २०२५ च्या कायद्यानं आखूड रायफल आणि सप्रेसरसाठी (गोळीचा आवाज कमी करणारी नळकांडी) तो १ जानेवारी २०२६ पासून शून्यावर आणला. कर शून्य झाला म्हणजे नोंदणी गेली असं समजणारे पुष्कळ भेटतात. नोंदणी आहे तशीच आहे. मंजुरीआधी आखूड अपर मागवून ‘नुसता ठेवलाय’ म्हणणंही धोक्याचं: तुमच्याकडच्या भागांची बेकायदा आखूड रायफल सोडून दुसरी कोणतीच कायदेशीर जोडणी होत नसेल, तर जोडण्याआधीच ताबा ठरू शकतो.

दुसरी रेषा ट्रिगरची. हलका, स्वच्छ तुटणारा स्पर्धेचा ट्रिगर केंद्रीय कायद्यात पूर्ण वैध आहे. पण ट्रिगरच्या एका दाबात एकापेक्षा जास्त गोळ्या सुटतील असं काही करणारा तुकडा, रायफलीत बसवलेला नसला तरी, स्वतःच ‘मशीनगन’ धरला जातो. १९ मे १९८६ नंतर बनलेली मशीनगन सामान्य नागरिकाला घेताच येत नाही. परदेशी संकेतस्थळांवर वीस-तीस डॉलरला सजावटीच्या नावाखाली असे तुकडे विकले जातात. पार्सलच्या मागोमाग तपास अधिकारीही दारात येतात. बंप स्टॉकबाबत (धक्क्याच्या जोरावर भराभर गोळ्या झाडू देणारा दस्ता) सर्वोच्च न्यायालयानं जून २०२४ मध्ये तो केंद्रीय व्याख्येत मशीनगन नाही असं म्हटलं, पण अनेक राज्यांत तो स्वतंत्रपणे बंद आहे. नेमबाजीला त्याचा उपयोग शून्य, नेम मात्र बिघडतो. सोडून द्या.

तिसरी सप्रेसरची. ४२ राज्यांत मुभा आहे. कॅलिफोर्निया, न्यूयॉर्क, न्यू जर्सी, इलिनॉय, मॅसॅच्युसेट्स, ऱ्होड आयलंड, डेलावेअर, हवाई इथे नाही. परवानाधारक दुकानातून फॉर्म ४ वर घ्या. ‘सफाईचा सापळा’ म्हणून विकल्या जाणाऱ्या स्वस्त संचांपासून दूर राहा; ते घेणाऱ्यांना केंद्रीय यंत्रणेच्या नोटिसा गेलेल्या आहेत.

चौथी रेषा आयात रायफलीची, आणि एआरवाल्यांना तिचा सहसा संबंध येत नाही. एके पद्धतीची आयात केलेली रायफल घेऊन तिच्यावर खुणा चढवायच्या असतील, तर ठरलेल्या वीस भागांपैकी दहापेक्षा जास्त भाग परदेशी असता कामा नयेत. हिशोब आधी कागदावर करा.

चौथी पायरी: काय स्वतः करायचं, काय कारागिराकडे द्यायचं

ग्रिप, दस्ता, पट्टा, दुर्बीण हे घरी होतं. ट्रिगरही होतो, पण सुरक्षा खटका आणि पुन्हा-सज्ज होण्याची चाचणी कुणा जाणत्याकडून करून घ्या. नळी बदलणं, गॅस ब्लॉक बसवणं, वेल्डिंग हे गनस्मिथचं काम. त्याच्याकडे हेडस्पेस मोजायचे गेज असतात, टॉर्क पाना असतो, आणि तुमच्याकडे यूट्यूब असतं. नळी बसवायला साधारण ५० ते १०० डॉलर, खिळा-वेल्डिंगला ६० ते १२०, सेराकोटचा रंग हवा असेल तर १५० ते ३००. दुरुस्तीसाठी दिलेली रायफल परत घेताना नवीन फॉर्म ४४७३ भरावा लागत नाही. ती कंपनीकडे दुरुस्तीला पाठवली तर थेट घरीही परत येऊ शकते.

नळी निवडताना चेंबरकडे, म्हणजे तिच्यातल्या गोळी बसण्याच्या जागेकडे, बघा. ५.५६ नाटोच्या चेंबरमध्ये .२२३ रेमिंग्टनची गोळी चालते, उलट केलं तर दाब प्रमाणाबाहेर जाऊ शकतो. .२२३ वाइल्ड चेंबर दोन्ही घेतं. आणि .३०० ब्लॅकआउटची रायफलही घरात असेल तर डब्या वेगळ्या रंगाच्या ठेवाच: ती गोळी ५.५६ च्या रायफलीत बसू शकते आणि चाप ओढला की रायफल फुटते. हातात.

पाचवी पायरी: पैसा

सुरुवातीची चांगली, कारखान्यातून जुळून आलेली रायफल ७०० डॉलरच्या आसपास धरा. पाचशेतही मिळते. नेमबाजीसाठी म्हणून मी असा हिशोब मांडेन: ट्रिगर १२०, रेड डॉट (लाल ठिपक्यानं नेम धरायचं उपकरण) २००, दस्ता आणि ग्रिप मिळून ८०, पट्टा ४०, पाच डब्या ७०, कान-डोळ्यांचं संरक्षण ८०. झाले १,२९०. त्यात हजार गोळ्या, एकीला साधारण ५० सेंट, म्हणजे ५००, आणि एक दिवसाचा प्रशिक्षण वर्ग २५०. एकूण २,०४०. वर विक्रीकर, ऑनलाइन घेतली तर विक्रेत्याची हस्तांतरण फी २५ ते ५०. कॅलिफोर्नियात जुलै २०२४ पासून बंदूक आणि गोळ्यांवर ११ टक्के वेगळा राज्य अबकारी कर आहे, तो धरायला विसरू नका.

या यादीत नळी नाही, महागडं हँडगार्ड नाही, सोनेरी बोल्ट नाही. मुद्दामच. कारखान्याची नळी तुमच्यापेक्षा अचूक असते, निदान पहिल्या दोन-तीन हजार गोळ्या. त्या झाडल्यावर आपल्याला काय कमी पडतंय ते आपोआप कळतं: कुणाला दूरचं दिसत नाही, त्यानं १ ते ६ पटीची दुर्बीण घ्यावी, ३०० डॉलरपासून पुढे. कुणाला वजन झेपत नाही, त्यानं हँडगार्ड बदलावं. आधीच सगळं बदलून ठेवलं की नेम चुकतो तो कशामुळे, हेच समजत नाही.

फेरफाराचा पैसा विकताना परत येत नाही. जुनी रायफल घेणारा तुमच्या ट्रिगरचे शंभर डॉलर वेगळे मोजत नाही. म्हणून मूळ भाग खोक्यात ठेवा आणि विकताना मूळ स्थितीत आणून विका. खुणांची बंदी असलेल्या राज्यात मात्र काढलेला सरकता दस्ता आणि फीचरलेस रायफल एकाच तिजोरीत ठेवणं शहाणपणाचं नाही. घरमालक विमाही तपासा. अनेक पॉलिसींत बंदुकांच्या चोरीची भरपाई २,५०० डॉलरच्या आसपास थांबते.

सहावी पायरी: रायफल घेऊन प्रवास

निघताना आणि पोहोचताना दोन्ही ठिकाणी रायफल वैध असेल, ती रिकामी, कुलूपबंद आणि सहज हात पोहोचणार नाही अशी असेल, तर मधल्या राज्यांतून जायला १९८६ च्या केंद्रीय कायद्याचं संरक्षण आहे. अट एवढीच की तुम्ही खरोखर ‘जात’ असायला हवं. २००५ मध्ये युटाहून पेनसिल्व्हेनियाला निघालेला एक प्रवासी नेवार्कला जोडविमान चुकल्यामुळे बॅग घेऊन हॉटेलात राहिला, आणि दुसऱ्या दिवशी विमानतळावर पिस्तूल असल्याचं सांगितल्यावर त्याला अटक झाली. २०१० मध्ये तिथल्या अपील न्यायालयानं त्याला हे संरक्षण लागू होत नाही असं ठरवलं, कारण रात्रभर बॅग त्याच्या हाताशी होती. न्यू जर्सी-न्यूयॉर्कमार्गे जाणार असाल तर मुक्काम पलीकडच्या राज्यात ठेवा. नोंदवलेली आखूड रायफल राज्याबाहेर न्यायची तर आधी केंद्रीय यंत्रणेची लेखी परवानगी लागते.

आणि भारतात जाताना. रायफल नेण्याचा विचार कुणी करत नाही, कारण अशी रायफल भारतात सामान्य परवानाधारकाला मिळतच नाही. पण भारतात नेमबाजी करणाऱ्या भावासाठी दुर्बीण किंवा ट्रिगर बॅगेत टाकणारे आहेत. हे भाग अमेरिकेच्या निर्यात नियमांच्या कक्षेत येतात, भारतात आयातीचे नियम वेगळे. दोन्हीकडची परवानगी न बघता नेऊ नका. त्याहून जास्त होणारा प्रकार म्हणजे रेंजवर नेलेल्या पाठपिशवीच्या तळाशी राहिलेली एक जिवंत गोळी. मुंबई किंवा दिल्लीच्या विमानतळावर ती एक्स-रेमध्ये दिसली की शस्त्र कायदा १९५९ खाली गुन्हा नोंदवला जातो. जाणीवपूर्वक ताबा नव्हता म्हणून उच्च न्यायालयांनी अशी अनेक प्रकरणं रद्द केलेली आहेत, पण तोपर्यंत परतीचं विमान गेलेलं असतं, पासपोर्ट अडकलेला असतो आणि रजा संपलेली असते. रेंजची पिशवी फक्त रेंजसाठी ठेवा. ती भारतवारीला नेऊच नका, कितीही झटकली असली तरी.